बिनआवाजाची खिडकी

"खिडकीपलीकडे तो ओट्याशी उभा होता. त्याचे ओठ हलत होते. काय म्हणत होता, ते तिला कधीच ऐकू येणार नव्हतं." एवढं वाचून लेखिकेने पुस्तक मिटलं आणि ग्रंथालयाच्या वाचनकक्षात टाळ्या वाजल्या. मांडलेल्या खुर्च्यांपैकी निम्म्या भरल्या होत्या. विज्ञानकथेला निम्म्या खुर्च्या म्हणजे डोक्यावरून पाणी.

"कुणाला काही विचारायचंय?" असं ग्रंथपालाने म्हणताच मागच्या रांगेतला एक म्हातारा उभा राहिला. डोळ्यांवर काळा चष्मा, एक हात शेजारी बसलेल्या सुनेच्या खांद्यावर.

"मॅडम, तुमच्या खिडकीतून मागचा काळ दिसतो. मग आवाज का नाही येत?" तो म्हणाला. "सूनबाईनं अख्खं पुस्तक वाचून दाखवलं मला. आवडलं. पण मला दिसत नाही. उद्या कुणी खरंच अशी खिडकी बनवली, तर मी तिथं उभा राहून करू काय?"

लोक हसले. लेखिकाही हसली. उत्तर तिला तोंडपाठ होतं. प्रकाश अंतराळातून वाटेल तेवढा लांब जातो, आवाजाला हवा लागते, हवा संपली की आवाज संपला. हे ती दर कार्यक्रमात सांगे आणि दर कार्यक्रमात माना डोलत. इथेही डोलल्या. म्हातारा "बरं" म्हणून खाली बसला.

उत्तर खोटं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतंच. ओट्याशी उभा असलेला तो माणूस म्हणजे तिचा नवरा, नाव तेवढं बदललेलं. लिहिताना त्याच्या तोंडी एक वाक्य घालायला ती बसली होती. वाक्य ठरलेलं होतं, नेहमीचंच. पण ते त्याच्या आवाजात काही केल्या ऐकू येईना. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. फोटो ढीगभर होते, आवाज कुठेच साठवलेला नव्हता, आणि डोक्यातूनही तो कधी निघून गेला ते तिला कळलं नव्हतं. ज्याच्याबरोबर संसार केला त्याचा आवाज आठवू नये, याची तिला लाज वाटली, रडू आलं. शेवटी तिने खिडकीचा आवाजच काढून टाकला आणि वर विज्ञानाची झूल चढवली.

सह्यांसाठी रांग लागली. रांग म्हणजे पाच-सात माणसं. एका गृहस्थांनी यानाच्या वेगातली चूक काढली, ती तिला नीट समजावून सांगितली आणि पुस्तक न घेताच गेले. मग सुनेचा हात धरून म्हातारा आला.

"वहिनी," तो म्हणाला.

मॅडमची एकदम वहिनी झाल्यामुळे लेखिकेने मान वर केली.

"साहेबांच्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होतो मी. दुपारच्या सुट्टीत ते घरी फोन लावायला सांगायचे. सकाळी लिहिलेलं तुम्ही त्यांना वाचून दाखवायचात." तो जरा घुटमळला. "खोटं कशाला बोलू, लाईन मी सोडायचो नाही. तुमच्या गोष्टी छापायच्या आधी ऐकल्यात मी. ऐन रंगात आलं की बोर्डावर दुसरा कुणीतरी कडमडायचा. जीव नुसता वरखाली व्हायचा."

"बाबा, हे घरी कधी बोलला नाहीत," सून म्हणाली.

"बोलतोय कशाला? नोकरी गेली असती."

एरवी लेखिका खळखळून हसली असती. आता तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला त्यांचा आवाज आठवतो?"

"न आठवायला काय झालं? आवाजातच जन्म गेला."

"मला आठवत नाही हो," ती म्हणाली. हे ती पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होती. "कसा होता?"

म्हाताऱ्याने घसा खाकरला, हनुवटी छातीकडे नेली, आणि त्याच्या तोंडून एक निराळाच आवाज आला. खालच्या पट्टीतला, किंचित नाकातला, शेवटचा शब्द लांबवणारा.

"हं. मग पुढे?"

शब्द तेच होते. ठरलेलं वाक्य हेच होतं. तिने डोळे मिटले आणि ओळख पटायची वाट पाहिली. आता पटेल, आत्ता पटेल. काहीच झालं नाही. तो आवाज नवऱ्याचा असेल, नसेलही. रस्त्याने जाणाऱ्या कुणाचाही असू शकला असता. ताडून बघायला तिच्याजवळ काही उरलंच नव्हतं.

"अगदी असाच," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने मान हलवली.

"नाही ओळखलात, वहिनी."

"नाही," ती म्हणाली, आणि मग डोळ्यांतलं पाणी तिने आवरलं नाही. रांगेतली माणसं उगाच पुस्तकाची पानं उलटू लागली. ग्रंथपाल पाण्याचा ग्लास घेऊन आला आणि पुढे करावा की नाही ते न कळून तसाच उभा राहिला.

"माझंच जमलं नसेल," म्हातारा हळूच म्हणाला. "वय झालं आता. चल, सूनबाई."

तो वळणार, तोच तिने टेबलावरून वाकून त्याचं मनगट धरलं.

"परत एकदा म्हणा," ती म्हणाली. "आता हाच लक्षात ठेवते."