दारातला शब्द

सात नंबरच्या खोलीत हरबाकाका एकटेच राहतात, म्हणून सुलक्षणानं सकाळी त्या खोलीची हवा सांभाळणाऱ्या राउटरमधला एक प्रश्न काढून टाकला होता: ‘आत अजून कोणी आहे का?’ आता निघणाऱ्यानं दारात ‘जातो’ म्हटलं, की राउटर खोलीची हवा तिथल्या तिथे तोडणार होता. चंद्रावर हवा उधळून चालत नाही.

दुपारी काका थर्मास घेऊन तिच्या टेबलाशी आले.

“चहा घे. तुझी काकू आली गं पृथ्वीवरून! प्रवासानं दमलीय, खोलीत गाढ झोपलीय.”

सुलक्षणानं घाईनं संगणकावर सात नंबरची नोंद उघडायला घेतली.

“काका, निघताना दारात काय म्हणालात?”

“म्हणजे?”

“नेमका शब्द सांगा! लवकर!”

काका उखडले. “येतो म्हणालो! घरातून निघताना ‘जातो’ म्हणायला मी काय मसणात चाललोय?”

एवढ्यात पडद्यावर नोंद उघडली. सात नंबरचा दिवा हिरवा होता, हवा चालू होती. राउटरच्या लेखी हरबाकाका खोलीतून निघालेच नव्हते.

तिनं आधी तो प्रश्न परत घातला. मग चहासाठी कप पुढे केला.