हेमांगीताईंची चाल

तालीमघराचं दार माणसाला चालीवरून ओळखायचं. नवा यांत्रिक पाय बसवल्यापासून हेमांगीताई सरळ चालू लागल्या होत्या, म्हणून आज दार ढिम्म हलेना.

"पूर्वीसारखं लंगडून बघा ना," त्यांची शिष्या केतकी म्हणाली.

ताई लंगडायला गेल्या. पण पाय हुशार. झोक जायच्या आतच त्यांना सावरून घेई.

"नक्कल करू नये," दार म्हणालं.

ताईंच्या आयुष्यावरच्या नृत्यात ताई व्हायची ती केतकीच. ते लंगडणं त्यांनीच तिच्याकडून रागावून रागावून घोटून घेतलं होतं. केतकी चार पावलं मागे गेली आणि पाय ओढत दाराकडे आली.

"या, हेमांगीताई," म्हणत दार उघडलं.

केतकी ओशाळली. "चला ना, ताई."

"तू हो पुढे," ताई म्हणाल्या, "आणि त्याला सांग, सोबत पाहुणी आहे."