सतरा हिरवे

कॉम्प्युटरच्या पडद्यावरची हिरवी पट्टी लाल झाली आणि सर्जेरावांचा चहा बशीत सांडला. नेमकी त्याच वेळी बाहेर काकासाहेबांची जीप येऊन थांबली.

"कालपर्यंत सगळं हिरवं होतं," सर्जेराव दबक्या आवाजात म्हणाले. "तू काय करून राह्यलीस, बेबीनंदा?"

बेबीनंदानं फार काही केलं नव्हतं. जालन्यात सर्जेरावांची दोन खोल्यांची सॉफ्टवेअर कंपनी होती. तिथं लागून तिला आठ महिने झाले होते. कंपनीनं काकासाहेब अध्यक्ष असलेल्या शिक्षण संस्थेसाठी एक प्रोग्राम लिहिला होता. नऊ शाळा, चौऱ्याण्णव मास्तर आणि एक बटण दाबलं की प्रत्येकाची पदवी समोर. प्रोग्राम नीट चालतो की नाही हे बघायला आपोआप चालणाऱ्या चाचण्या होत्या. पास झाली की हिरवी, नापास झाली की लाल. दोन हजार तीन साली जालन्यात हे मोठं कौतुकाचं होतं. नमुन्यासाठी खोटी नावं शोधायचा कंटाळा, म्हणून चाचण्यांना संस्थेचं रजिस्टरच जोडून दिलं होतं. एका मास्तरामागे एक चाचणी.

त्या चाचण्या लिहिणारे गृहस्थ केव्हाच पुण्याला निघून गेले होते. जाण्याआधी प्रत्येक चाचणीत त्यांनी एक ओळ घालून ठेवली होती. तिचा अर्थ एवढाच, की या रकान्यात जे काही असेल ती पदवीच आहे, तू बघत बसू नको, माझ्यावर विश्वास ठेव. कॉम्प्युटर बिचारा आज्ञाधारक. त्यानं विश्वास ठेवला. चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव चाचण्या रोज हिरव्या यायच्या आणि सर्जेराव त्या आल्यागेल्याला अभिमानानं दाखवायचे.

एक दिवस बेबीनंदानं तो रकाना उघडून वाचला. संस्थेचा कारकून कचरू यानं रजिस्टरात होतं ते जसंच्या तसं टाइप केलं होतं. पदवीच्या जागी कुठं 'चालू आहे' होतं, कुठं 'होईल'. एका मास्तरांची पदवी 'अध्यक्षांचे भाचे' अशी होती. दुसऱ्या एकांची, 'साहेबांचा फोन आला होता'. अख्ख्या संस्थेत इमानदारीनं झालेलं ते बहुधा एकमेव काम असावं.

तिनं ती विश्वासाची ओळ चौऱ्याण्णव ठिकाणांहून काढली. तिच्या जागी दुसरी लिहिली. विद्यापीठ आहे का बघ, साल आहे का बघ, बैठक क्रमांक आहे का बघ, नसेल तर तिथंच थांब. यात तिचा एक स्वार्थही होता. तिचा थोरला भाऊ देवानंद याच संस्थेच्या घनसावंगीच्या शाळेत सहा वर्षं गणित शिकवत होता. एमएस्सी, बीएड, दोन्ही पहिल्या वर्गात. दर एप्रिलला त्याला सांगायचे, जूनमध्ये कायम करू. दर जूनमध्ये एखादा 'होईल' कायम व्हायचा आणि देवानंद पुन्हा तात्पुरता. तिला वाटलं, एकदा खरं आणि खोटं वेगळं पडलं की दादाला न्याय मिळेल. चोविसाव्या वर्षी माणसाला असं वाटतं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची असती, बाई," सर्जेराव कपाळाला हात लावून म्हणाले. "ती आजच कशाला उघडलीस?"

तोवर काकासाहेब आत आले होते. मागे संस्थेचे सचिव साहेबराव, हातात डायरी. काकासाहेब खुर्चीत बसले, पडद्याकडं बघितलं आणि विचारलं, "हा लाल रंग कशाचा?"

"मला काहीच माहीत न्हाई, काकासाहेब," सर्जेराव म्हणाले. मालक म्हणून त्यांनी जबाबदारी तत्काळ नोकरावर सोपवली. "हे सगळं या पोरीनं केलंय."

बेबीनंदानं पडद्याकडं बोट दाखवलं. "साहेब, लाल आहेत त्यांच्या पदवीचा पुरावा नाही. आधीची चाचणी न बघताच मान्य करत होती. आता बघते. सत्त्याहत्तर लाल आहेत, सतरा हिरवे."

काकासाहेबांनी चष्मा लावला. सत्त्याहत्तर नावं एकेक करून वाचली. भाच्याच्या नावावर बोट जरा जास्त वेळ थांबलं. सर्जेराव मनातल्या मनात कंपनीचं शटर ओढून मोकळे झाले होते.

काकासाहेबांनी चष्मा काढला तेव्हा ते हसत होते.

"वीस वर्षं संस्था चालवून राह्यलो," ते म्हणाले, "पण आजपर्यंत कोणी असं बराबर निवडून देलं न्हवतं. शाब्बास, पोरी. सर्जेराव, असं माणूस संभाळून ठेवा." सर्जेरावांनी लगेच मान डोलावली. ही पोरगी हुशार आहे हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, असंही ते म्हणाले.

"आता ते हिरवे वाच," काकासाहेब म्हणाले. "साहेबराव, लिहून घ्या."

बेबीनंदाला एकदम भरून आलं. यादीत देवानंदचं नाव अकरावं होतं. तिनं ते सगळ्यात आधी घेतलं, शाळेसकट, पदव्यांसकट, पहिल्या वर्गासकट. मग उरलेले सोळा स्वच्छ आवाजात वाचले. एकही नाव सुटू नये म्हणून साहेबरावांची डायरीही एकदा बघून घेतली.

"झाले सतरा?" काकासाहेब उठले. "ते लाल बिनघोर ऱ्हाऊ द्या. कागद कच्चा हाय, जलमभर मान वर करणार न्हाईत. हक्क मागायला कोर्टात जाऊ शकतील असे हे सतराच हैत, त्यांना जूनपासून येऊ नका म्हणावं."