व्हर्डीचं नवं घर

कारखान्यात बनवून चाकांवर ओढत आणलेल्या नव्याकोऱ्या घराच्या खालून व्हर्डी रांगत बाहेर आली, तेव्हा अशी घरं विकणारा दुकानदार हॉलिस बर्फ घातलेला गोड चहा हातात घेऊन ताटकळत उभा होता.

"मिस व्हर्डी, निदान स्वयंपाकघर तरी बघा. मधोमध ओटा आहे. बायका त्याच्यावरच भाळतात." त्या भागात म्हाताऱ्या बाईलाही आदरानं 'मिस'च म्हणत.

"माझा बिडाचा तवा कुठल्याही ओट्यावर चालतो," गुडघ्यांची माती झटकत ती म्हणाली. "भिंत गळली तर कोण धावून येणार ते सांग. तू, की घर बांधणारा कारखाना?"

"कारखान्याची हमी असते ना."

"आणि कारखाना म्हणणार, दुकानदारानं घर नीट बसवलं नाही. बाकीच्या दुकानांतून हेच ऐकून आलेय. जो तो दुसऱ्याच्या गळ्यात घोंगडं टाकतो."

हॉलिसनं चहाचा ग्लास तिच्या हातात दिला. "मी येईन. घर बसवणारी माणसं माझी स्वतःची आहेत. भाड्याची नाहीत."

"आणि ट्रक?"

"तेही माझेच."

व्हर्डीनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. मग ती स्वयंपाकघर सोडून थेट दुकानाच्या मागं गेली. घर जागेवर पोचलं की त्याची चाकं आणि आस काढून कारखान्याकडे परत पाठवतात. त्यांचाच ढीग तिथं पडला होता. बाजारात कलिंगडं निवडावीत तशी ती त्या ढिगाभोवती फिरली. सोबत आलेल्या शेजारच्या ल्युथरनं दोन-चार चाकं फिरवून बघितली आणि पसंतीची मान डोलावली. म्हातारीचं डोकं जरा फिरलेलं दिसतंय, असं हॉलिसला वाटलं.

व्हर्डीवर ही वेळ आणली होती सीडर बेंडच्या नव्या मालकानं. त्या वस्तीत घर तुमचं, पण खालची जमीन मालकाची. या मालकानं दूर शहरात बसून वस्ती विकत घेतली आणि दारोदार फर्मान चिकटवलं: जुनी घरं शोभा घालवतात, तेव्हा एक तर नवं घर मालकाच्याच दुकानातून घ्या, नाहीतर उन्हाळा संपायच्या आत जागा रिकामी करा. त्याच्या दुकानातल्या घरांच्या भिंती अंगठ्यानं दाबल्या तरी आत जात होत्या. असल्या माणसांची भरभराट कशी होते, देव जाणे.

व्हर्डीचा नवरा एनिस याच वस्तीत गेला. तेव्हा महिनाभर तिच्या घरी चूल पेटली नव्हती. शेजारणी आळीपाळीनं डबे आणून ठेवायच्या. या माणसांतून उठून दुसरीकडे मरायला जायची तिची तयारी नव्हती. बाकी मालकाला काय हवं, याच्याशी तिला काडीचंही देणंघेणं नव्हतं.

वस्तीचा व्यवस्थापक रॉयस फाटकाजवळच्या विटांच्या घरात राहायचा. दुकानं हिंडून परत येताना त्यानं तिला अडवलंच.

"मिस व्हर्डी, दुसऱ्या दुकानाचं घर या फाटकातून आत येणार नाही. कशाला उन्हातान्हात हिंडताय?"

"पाय माझे, ऊनही माझं. तुला कुठं चटके बसतात?"

"मग वस्ती सोडा. जुनं घर तेवढं इथंच राहील." रॉयस हसला. "नावालाच चाकांची घरं ही. एकदा चाकं निघाली, की जन्मात हलत नाहीत."

तो खोटं बोलत नव्हता. जुनं घर उचलून न्यायला कुणी दुकानदार हात लावत नसे. याआधी चार कुटुंबं घर जागेवर टाकून, डोळे पुसत निघून गेली होती, आणि मालकानं तीच घरं रंगवून भाड्यानं दिली होती.

त्याच आठवड्यात व्हर्डीच्या सगळ्या आळीनं आपापल्या घरांखालची पोकळी झाकणारे पत्रे काढले.

"हे काय चाललंय?" रॉयसनं विचारलं.

"उंदीर झालेत," ल्युथर म्हणाला.

"सगळ्यांकडे एकदम?"

"आमच्याकडचे उंदीरसुद्धा एकमेकांना धरून असतात."

रॉयस मनातून खूश झाला. फर्मानाला घाबरून लोक साफसफाईला लागले, असं त्यानं धरलं. रस्त्यावर ओणवलेल्या ओकच्या फांद्या तोडायला त्यानं सांगितलं, तर हू की चू न करता त्या सगळ्यांनी तोडल्या. ओढ्यापलीकडे चर्चच्या माळावर विजेचे खांब उभे राहिले, चर खणले गेले. दर उन्हाळ्यात तिथं प्रार्थनेचा तंबू लागायचा. यंदा पाद्रीबाबांचा थाट मोठा दिसतोय, एवढंच रॉयस म्हणाला.

व्हर्डीनं शेवटी हॉलिसचंच दुकान पक्कं केलं. घर साधं, दोन खोल्यांचं. तरी दार लावून दोघांचं बोलणं बराच वेळ चाललं होतं. हॉलिस बाहेर आला तो घाम पुसतच. "असं गिऱ्हाईक जन्मात बघितलं नाही," तो आपल्या माणसांना म्हणाला, आणि का कोण जाणे, हसत सुटला.

शनिवारी घर येणार, ही बातमी रॉयसच्या कानावर गेलीच. सकाळीच त्यानं आपली गाडी फाटकात आडवी लावली आणि मालकाला फोन करून छाती फुगवून सांगितलं, "मी असेपर्यंत एक खिळासुद्धा आत येणार नाही, सर." आळीतली माणसं आपापल्या पायऱ्यांवर कॉफी पीत बसली होती. कुणी त्याच्याशी वाद घातला नाही. तेही त्याला बरंच वाटलं.

वळणावर ट्रकचा आवाज आला. पुढच्या सीटवर चर्चला जायची टोपी घालून व्हर्डी बसली होती. रॉयस दोन्ही हात पसरून रस्त्यात उभा राहिला.

"बस! एक पाऊल पुढं नाही! घर आत येणार नाही म्हणजे नाही!"

ट्रक थांबला. धूळ खाली बसली. ट्रकच्या मागं काहीच नव्हतं. त्याच्या मागं दुसरा ट्रक उभा राहिला, तोही मोकळा, आणि त्याच्या मागं तिसरा, हॉलिसच्या दुकानामागच्या चाकांनी आणि आसांनी भरलेला.

"घर कुठाय?" रॉयसनं विचारलं.

"माझं? ते कालच चर्चच्या माळावर बसवलं," व्हर्डी सावकाश खाली उतरत म्हणाली. "मालकाला जागा रिकामी हवी होती ना? मग गाडी बाजूला घे, रॉयस. अख्खी आळी बाहेर काढायचीय."