शेजारचा बाण

"ताई, नुसतं शुद्धलेखन सुधारलंय. सही करा," कारखान्याचा वकील म्हणाला. कारखान्यातल्या आगीबद्दलची माझी जबानी त्याने माझ्याच कॉम्प्युटरवर टाकली, तिथेच चुकला. ऑर्डरींच्या जुन्या-नव्या फायली ताडून बघणं माझं रोजचं काम. ताडणीचा प्रोग्रॅम उघडला. डावीकडे मी लिहिलेलं, उजवीकडे त्याने सुधारलेलं. मिटलेल्या दाराच्या दोन फळ्या. सारख्या ओळी धुरासारख्या वर विरत गेल्या. डावीकडे एकच लाल ओळ आली: "शिवणखोलीला बाहेरून कडी होती." तिच्यासमोर उजवीकडे कोरी फट. फटीत उजेड हलला, आगीत गेलेल्या धाकटीची बोटं दिसली. "ताई, उघड ना गं." "ताई, चहा निवतोय," वकील खेकसला. "ताई म्हणू नका. ती हाक बहिणीची होती." मी लाल ओळीच्या शेजारचा बाण दाबला, ओळ तरंगत जाऊन उजवीकडच्या फटीत बसली. सही केलेली प्रिंट पर्समध्ये टाकली. "चौकशी समितीला मीच देते."