पाचवी ओळ

निघोज्याच्या कारखान्यातला पत्रे दाबणारा मोठा प्रेस सकाळपासून बंद होता. दुरुस्तीसाठी आत उतरलेले चौघंही केव्हाच बाहेर आले होते, आणि नियमाप्रमाणे प्रत्येकानं स्वतःचा अंगठा टेकवून 'बाहेर आलो'ची टिक केली होती. तरी स्क्रीन सांगत होती, अजून एक जण आत आहे; आणि तोवर प्रेस सुरू करता येत नव्हता.

ती स्क्रीन सुप्रियानं बनवलेली. चूक सापडल्याशिवाय जागचं हलायचं नाही असं ठरवून तिनं प्रेसशेजारीच लॅपटॉप उघडला. पानात चौकट, चौकटीत तक्ता, तक्त्यात ओळी. कोडमधून ती एकेक पायरी आत उतरत गेली. अगदी आत ओळी पाच निघाल्या. पाचवीला नाव नव्हतं, नुसता टिकचा रिकामा चौकोन होता.

तिनं ती ओळ काढून टाकली. ओळ परत आली. मग कोडमधूनच तिथं टिक केली. टिक आपोआप गेली.

"आत कुणी न्हाई मॅडम," त्या चौघांतला फिटर ज्योतीराम म्हणाला. "थांबा, पुन्यांदा बघून येतो."

अंगठा टेकवून त्यानं आपली टिक काढली आणि वाकून तो प्रेसमध्ये शिरला. सुप्रियानं पाचव्या ओळीवरची नजर ढळू दिली नाही.

थोड्या वेळानं तो बाहेर आला. हात पुसत त्यानं पुन्हा अंगठा टेकवला.

टिक पाचव्या ओळीत उमटली. ज्योतीरामच्या नावापुढचा चौकोन रिकामाच राहिला.

"आत कुणी न्हाई," तो म्हणाला. "करा सुरू."