आज नंबर रुबिनाचा

"मॅडम, तो गेम तुम्हाला विकलेलाच नाही. खेळायची परवानगी दिली आहे, तीही एकाच मशीनवर," कंपनीचा माणूस फोनवर गोड आवाजात म्हणाला.

कालिंदीबाईंचं डोकं तापलं. बार्शीतल्या बालवाचनालयात त्या पुस्तकांसारख्याच गेमच्या डिस्कही मुलांना घरी देत. हा नवा गेम मात्र डिस्कवर निघालाच नव्हता; नेटवरून वाचनालयातल्या मशीनवर उतरवून घ्यावा लागला होता. तो घरी न्यायचा आज नंबर रुबिनाचा होता. तिचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून तिची आई हसीना पिशवी घेऊन दारात उभी होती.

"तुमच्या बटणावर 'विकत घ्या' असं लिहिलं होतं. शब्दांचे अर्थ मी मुलांना शिकवते, मला तुम्ही शिकवू नका."

"यापुढे सगळे गेम असेच येणार, मॅडम. दुसऱ्याला देता येणार नाहीत."

"म्हणजे या पोरांनी एकमेकांना काही द्यायचंच नाही?"

बाईंनी फोन आपटला, टीव्हीमागची वायर उपसली आणि मशीनच उचलून हसीनाच्या पिशवीत ठेवलं.

"अहो बाई, बाकीची पोरं काय खेळतील?" हसीना गांगरली.

बाई सतरंजीवरच्या मुलांकडे वळल्या. "आठवडाभर मशीन नसेल. कुणाची हरकत?"

सगळ्यांत भांडकुदळ तेजल उठली. "रिमोट राहिला की," म्हणत तिनं तो पिशवीत टाकला आणि बाईंइतक्याच रागानं फोनकडे पाहिलं.